ॲक्सिलेटर सोडल्यावर येणारा आवाज

आमचं गॅरेज मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या मागच्या गल्लीत आहे. एक शटर, आत दोन मोटरसायकली जेमतेम उभ्या राहतील एवढी जागा, आणि बाकीचं काम बाहेर फुटपाथवर. पप्पा परभणीकडून मुंबईला आले ते एका मोठ्या गॅरेजात दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला. माझा जन्म झाला त्याच वर्षी त्यांनी हे स्वतःचं शटर उघडलं, म्हणजे मी आणि गॅरेज एकाच वयाचे. मी आता पस्तिशीला आलेय. मीरा रोडच्याच एका बालवाडीत शिकवते आणि रविवारी सकाळी आईने दिलेला डबा घेऊन गॅरेजात जाऊन बसते. लहानपणापासूनची सवय आहे. माझं लग्न मोडलं आणि मी परत आई-पप्पांकडे राहायला आले, तेव्हाही पहिल्या रविवारी डबा घेऊन तिथेच गेले होते. पप्पांनी काही विचारलं नाही, फक्त स्टूल पुढे सरकवलं.

पप्पांकडे लोक लांबून यायचे ते कार्बोरेटरच्या कामासाठी. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच, पेट्रोल किती सोडायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल किती मिसळायचं हे एका बारक्या पितळी स्क्रूवर अवलंबून असतं. तो पाव आटा, म्हणजे पाव फेरा, इकडेतिकडे झाला तरी गाडी वेगळी वागायला लागते. हवा जास्त झाली तर ॲव्हरेज बरं मिळतं, पण ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखा आवाज येतो आणि सिग्नलला उभी असताना गाडी मध्येच बंद पडते. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि धूर येतो. या दोन्हींच्या मधली जागा पप्पा कानाने शोधायचे. मान जरा वाकडी, नजर समोरच्या भिंतीवर, स्क्रू-ड्रायव्हर दोन बोटांत. इंजिनाचा आवाज एका लयीत आला की हात आपोआप थांबायचा. ते मला म्हणायचे, आवाज गोल झाला पाहिजे. लहानपणी मला ते कळायचं नाही, पण मान डोलवायचे.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की पप्पांना कमी ऐकू येतंय. खरं तर ते फार आधी लक्षात यायला हवं होतं. न येण्याचं कारण माझाच आवाज. तीस पोरांच्या वर्गात दिवसभर बोलून बोलून मी घरातही वर्गात असल्यासारखीच बोलते. माझं त्यांना सगळं ऐकू जायचं. आईचं जायचं नाही. आईचा आवाज मुळातच बारीक. ती स्वयंपाकघरातून काही विचारायची, पप्पा उत्तर द्यायचे नाहीत, मग ती पुन्हा विचारायची नाही. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे. तिने मनाशी धरून ठेवलं होतं की या माणसाला आता आपल्याशी बोलायचंच नाही. एकदा मी तिला विचारलं, तुमचं भांडण झालंय का. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "भांडायला तरी बोलावं लागतं."

त्या दिवशी संध्याकाळी पप्पा पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि आईच्या आवाजात, म्हणजे साध्या माणसांच्या आवाजात, चहा ठेवू का असं विचारलं. त्यांनी पान उलटलं. मी परत विचारलं. ते वाचतच राहिले. मग मी नेहमीच्या आवाजात विचारलं तेव्हा चटकन वळून म्हणाले, ठेव की, विचारतेस काय.

मी डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं. आयुष्यभर इंजिनाजवळ बसलोय, कान जरा थकलेत, एवढंच म्हणून त्यांनी विषय बदलला. मी जोर केला नाही. आईलाही सांगितलं नाही. का सांगितलं नाही याचा मी नंतर खूप विचार केला. मला वाटतं, पप्पांना ऐकू येत नाही हे एकदा घरात बोललं गेलं असतं तर पुढचा प्रश्न गॅरेजचा आला असता, आणि तो प्रश्न मला नको होता. गॅरेजच्या फोनवरचे कॉल तेवढे मी माझ्या मोबाइलवर वळवून घेतले. पप्पांना म्हटलं, तुमचे हात ग्रीसचे असतात, मी उचलत जाईन. ते हो म्हणाले.

जानेवारीत एका रविवारी डोंगरीचे काका आले. उत्तनच्या बाजूला डोंगरी गाव आहे, तिथलं हे जुनं ख्रिस्ती कुटुंब. काका आधी मासेमारीला होडीवर जायचे, आता वय झाल्यावर घरामागच्या वाडीत भाजी लावतात. पप्पांच्याच वयाचे. वीस वर्षं त्यांची एकच मोटरसायकल, आणि वीस वर्षं तिला पप्पांशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. ते पप्पांना मिस्त्री म्हणतात आणि पप्पा त्यांना भाऊ. त्यांची मुलगी घोडबंदर रोडवरच्या वरसाव्याला दिलेली आहे, दर मंगळवारी तिच्याकडे भाजी आणि थोडे सुके बोंबील घेऊन जातात.

तक्रार साधी होती. गावाजवळचा उतार उतरताना ॲक्सिलेटर सोडला की गाडी फटफट करते. कुत्री मागे लागतात, शेजारीण दार उघडून बघते. काका हसत हसत सांगत होते. पप्पांनी स्क्रू फिरवला, ॲक्सिलेटर वाढवून बघितला, सोडून बघितला आणि झालं म्हणाले. मी त्या दिवशी डबा उघडत होते, माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी काका परत आले. आवाज गेला न्हाय, म्हणाले, उलट आता गाडी उभी केली की विझते. पप्पांना ते बरं वाटलं नाही. आपण केलेलं काम परत आलेलं त्यांना कधीच आवडत नाही. त्यांनी कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलने साफ केला, पेट्रोलची बारीक भोकं असलेले जेट फुंकून बघितले, परत बसवला, स्क्रू लावला. गाडी चालू केली. मी ऐकत होते. ॲक्सिलेटर सोडल्यावर आवाज येत होता. मोठा नव्हता, पण येत होता. पप्पा म्हणाले, बघा, गेला. काकांनी क्षणभर सायलेन्सरकडे बघितलं आणि म्हणाले, चालवून बघतो.

तिसऱ्या रविवारी ते आले तेव्हा हसत नव्हते. त्यांनी सांगितलं ते एवढंच की अजून तसंच हाय. पप्पा बराच वेळ खपले. मला दिसत होतं की ते आवाज ऐकून काम करत नव्हते, आठवणीने करत होते. अडीच आटे मागे, मग पाव पुढे, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. त्यांनी गाडी वाढवली, सोडली. फट्. परत वाढवली, सोडली. फट्, फट्. पप्पांचा चेहरा शांत होता. त्यांनी कापडाने हात पुसले आणि म्हणाले, "आता बघा कसं मऊ चालतंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही ऐकू आलं होतं, आणि दोघांनाही कळलं होतं की तिसऱ्याला आलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर पप्पांना त्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकासमोर सांगावं लागलं असतं की तुम्हाला ऐकू येत नाहीये. मी खाली बघितलं आणि डब्याचं झाकण लावत बसले. काका म्हणाले, बरं मिस्त्री, येतो मग. गाडी गल्लीच्या तोंडाशी हळू झाली तेव्हा परत दोनदा वाजली, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान वर करून बघायला लागला. मी पप्पांना म्हटलं, जेवून घ्या.

मंगळवारी दुपारी मुलांना सोडायच्या वेळेला फोन आला. एका हाताने मी एका पोरीच्या बुटाचं वेल्क्रो लावत होते. काकांची मुलगी होती. ती फार शांतपणे बोलली. तिचे वडील वरसाव्याजवळ घोडबंदर रोडवर पडलेत. वळायचं म्हणून त्यांनी ॲक्सिलेटर सोडला, गाडी फटाक्यासारखी वाजली आणि तिथल्या तिथे बंद पडली. मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून जीव वाचला, पण धक्का बसून काका उजव्या अंगावर आपटले. खांद्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करायला लागेल. तिने गॅरेजच्या नंबरवर फोन केला होता, कारण तिच्या वडिलांनी सांगितलं होतं की मिस्त्रीला कळव. दोष देण्यासाठी नाही, ती म्हणाली, नुसतं कळव म्हणालेत.

मी पप्पांना घेऊन हॉस्पिटलात गेले. काकांना औषधाची गुंगी होती. त्यांची बायको कॉटच्या पायथ्याशी बसली होती, ती आम्हाला बघून उठली पण काही बोलली नाही. जावई दाराजवळ उभा होता. त्याने पप्पांना सरळ विचारलं. आवाज चढवला नव्हता, हॉस्पिटलात बोलतात तसंच हळू विचारलं. "गाडी तीन वेळा तुमच्याकडे आली होती ना? तुम्ही काय केलंत?"

पप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो हो. होतील बरे. काळजी करू नका."

जावयाने तो हात बाजूला केला नाही. तो पप्पांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आधी त्याला राग आला असावा, आणि मग काहीतरी उमगलं असावं, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. मला त्या वेळी जमिनीवरच्या फरश्यांशिवाय कुठेही बघवत नव्हतं. पप्पा मात्र काकांच्या उशाशी जाऊन उभे राहिले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

परत आल्यावर पप्पा घरी न जाता गॅरेजात गेले. संध्याकाळ व्हायला आली होती, गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती. पप्पांनी शटर अर्धंच उघडलं आणि आत स्टुलावर बसले. म्हणाले, प्लग गेला असणार. नाहीतर पेट्रोलमध्ये कचरा आला असणार. मी आत गेले आणि त्यांच्या समोर, तोंड दिसेल अशी बसले.

"पप्पा, त्या रविवारी आवाज येत होता."

"कसला आवाज?"

"सायलेन्सरमधून. फटफट. तुम्ही झालं म्हणालात तेव्हाही येत होता."

"तू ऐकलास?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, काका होते समोर. ते म्हणाले, म्हणूनच बोलायचं होतं. मग हातातला पाना खाली ठेवून अगदी हळू, त्यांना स्वतःला तरी ऐकू गेलं की नाही कोण जाणे इतकं हळू म्हणाले, "सगळ्यांना ऐकू येतं. मलाच कोणी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शटर उघडलं नाही. आठ-दहा दिवस उघडलं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती पप्पांसाठी रडेल. ती माझ्यावर चिडली. तुला दिवाळीपासून माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस, मी इकडे काय काय समजून बसले होते, तुला दिसत नव्हतं का, असं ती विचारत होती. त्यानंतर ती गॅलरीत गेली आणि पप्पांच्या शेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, उठून तिला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसले.

काकांची गाडी त्यांच्या जावयाने एके दिवशी टेम्पोत घालून आमच्या शटरसमोर आणून ठेवली. मला फोन करून एवढंच सांगितलं की सासरे म्हणतात गाडी मिस्त्रीकडेच द्या. त्याला स्वतःला ते पटलेलं नव्हतं हे त्याच्या बोलण्यातून कळत होतं. पप्पांना सांगितलं तेव्हा ते तसेच चपला घालून निघाले.

पुढच्या चाकाचा वाकलेला फोर्क, हँडल आणि तुटलेला फूटरेस्ट यांत आठवडा गेला. ते काम डोळ्यांचं आणि हाताचं, त्याला कानाची गरज नव्हती. मग रविवारी मी डबा घेऊन गेले तर पप्पांनी माझं स्टूल इंजिनाच्या बाजूला मांडून ठेवलं होतं. म्हणाले, "तू ऐक. मी फिरवतो."

मी म्हटलं, मला यातलं काय कळतं. ते म्हणाले, आवाज आला की हात वर कर, बाकी माझं मी बघतो.

गाडी गरम केली. त्यांनी ॲक्सिलेटर वाढवून सोडला. मी हात वर केला. परत सोडला, परत हात वर. त्यांनी मान हलवली आणि स्क्रूला हात लावायच्या आधी सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडतात तिथे बॅटरी मारून बघितलं. काजळीचा बारीक डाग होता. तिथली गॅस्केटची रिंग दबून गेली होती. ती बदलली. आवाज कमी झाला पण गेला नाही, माझा हात वर जातच होता. मग त्यांनी कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा डबा घेतला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये एक रबरी तोटी असते, तिच्यावर जपून एकेक फवारा मारायला लागले. मला म्हणाले, इंजिनाचा आवाज जरा जरी बदलला तरी सांग. वरच्या बाजूला काही झालं नाही. खालच्या बाजूला फवारा बसला आणि इंजिन एकदम दचकल्यासारखं चढून परत खाली आलं. मी दोन्ही हात वर केले.

पप्पांनी गाडी बंद केली आणि ती तोटी काढली. वरून धड दिसत होती. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी वाकवली तेव्हा घडीच्या आत नखाएवढी चीर उघडली. तिथून हवा आत ओढली जात होती. म्हणजे तीन रविवार ते जो स्क्रू फिरवत होते त्याचा काही उपयोगच नव्हता. वर त्यांनी अंदाजाने मिक्श्चर आणखी पातळ, म्हणजे पेट्रोल आणखी कमी, करून ठेवलं होतं, म्हणून ॲक्सिलेटर सोडताच गाडी विझत होती. हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, वर्गात शिकवल्यासारखं, एकेक करून. आणि मग ते फुटपाथवरच बसले.

"ही चीर सूं करून वाजते," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी ऐकू यायला पाहिजे होती. पूर्वी मी गाडी गल्लीत शिरताना ओळखली असती."

मी त्यांच्या शेजारी बसले. खोटं बोलायची तेव्हा हिंमत नव्हती. पूर्वी ओळखली असती हे खरंच होतं.

त्या मॉडेलची तोटी मिळायला चार दिवस लागले. ती बसवल्यावर पुढच्या रविवारी आम्ही परत तसेच बसलो, त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि माझे हात मांडीवर. स्क्रू हलकेच पूर्ण आत, मग अडीच आटे बाहेर, तिथून पुढे पाव पाव करत. आवाज सुधारला तर तळहात वर, बिघडला तर खाली, असं ठरलं होतं. मला वाटलं होतं सोपं असेल. पण मेन रोडवर काहीतरी फोडायचं काम चालू होतं, शेजारच्या दुकानात गाणी लागली होती, आणि थोड्या वेळाने मला सगळे आवाज सारखेच वाटायला लागले. मी एकदा वर हात केला आणि लगेच खाली केला. पप्पांनी वर बघितलं. मी चुकले तर परत कोणीतरी पडेल, हे एकच डोक्यात होतं. पप्पांनी गाडी बंद केली, मला पाणी दिलं आणि म्हणाले, घाई नाही, असं मला पण व्हायचं. तसं त्यांनी यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना कधी शंका येतच नसे.

तासाभराने एका जागी आवाज बसला. मी तळहात वर धरून ठेवला. त्यांनी टाकीवर हात ठेवून इंजिनाची थरथर बघितली, मान डोलावली आणि मला गाडी दिली. मी घोडबंदर रोडच्या दिशेने गेले, एका उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडला. एकदाच बारीक वाजली. परत येऊन सांगितलं. आणखी पाव आटा. परत गेले. या वेळी गाडी नुसती हळू होत गेली आणि वाजली नाही. आल्यावर पप्पांनी प्लग काढून बघितला, बदामी रंगाचा होता, जसा हवा तसा. त्यांनी तो मला दाखवला. मला आनंद झाला नाही. त्या तिसऱ्या रविवारी, काका समोर असताना, मी फक्त हात वर केला असता तरी पुरलं असतं.

गाडी आम्ही दोघांनी डोंगरीला नेऊन दिली. मी चालवत होते, पप्पा मागे बसले होते. काका ओट्यावर बसले होते, उजवा हात गळ्यात. शर्टाची ती बाही रिकामी लोंबत होती. त्यांनी पप्पांना बसायला लावलं, गाडीकडे बघितलं आणि छान केली म्हणाले. मी ठरवून गेले होते, त्यामुळे बसायच्या आधीच सांगून टाकलं. त्या रविवारी मला आवाज ऐकू आला होता, पप्पांना येत नाही हेही मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

"मला पण ऐकू आला होता," ते म्हणाले. "तुझ्याकडं बघितलं मी. मिस्त्रीला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

पप्पांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतायत?"

काकांनी डोळ्यांनी मला नको म्हणून खुणावलं. मला ते दिसलं. तरीही मी माझ्या बालवाडीच्या आवाजात, शेजारच्या अंगणापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "पप्पा, काका म्हणतायत त्यांनाही ऐकू आला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत."

पप्पा काकांकडे वळून म्हणाले, "वाईट वाटलं असतं भाऊ. वाटायला पाहिजे होतं."

माझा आवाज ऐकून काकांची बायको आतून बाहेर आली होती. ती दारातच उभी होती. हॉस्पिटलात ती एक शब्द बोलली नव्हती, तो तिने आता बोलून घेतला. "तिघांनी एकमेकांचा मान राखला," ती म्हणाली, "आणि हाड यांचं मोडलं." एवढं बोलून ती आत गेली. थोड्या वेळाने तिने चहा बाहेर पाठवून दिला, पण आम्ही निघेपर्यंत ती परत बाहेर आली नाही. आम्ही बसने परत आलो. वाटेत पप्पा एकदाच बोलले, बाई बरोबर बोलली.

पप्पांनी कान तपासून घेतले. दोन्ही कानांना यंत्र आहे आता. माणसांचं बोलणं बरंच ऐकू येतं, आईचंही. पण इंजिनाजवळ गेलं की त्या यंत्रात सगळी नुसती खडखड होते, म्हणून गॅरेजात ते काढून डबीत ठेवतात. ब्रेक, चेन, पंक्चर, ऑइल ही कामं करतात. कार्बोरेटरची गाडी आली तर सांगतात की मला ऐकू येत नाही, पोरगी रविवारी असते, तेव्हा या. काही लोक येतात. काही दुसरीकडे जातात, आणि त्यांचं बरोबर आहे. माझा कान अजून कच्चा आहे. शंका आली तर मी गाडी सोडत नाही, त्यावरून दोन गिऱ्हाइकांशी वादही झालेत.

काका मे महिन्यात एकदा आले, बसने. गाडी त्यांनी जावयाला देऊन टाकली, घरच्यांनी आता चालवू दिली नसती आणि त्यांना स्वतःलाही नको होती. कामाचं काही नव्हतं, नुसते बसायला आले होते. मी चहा सांगितला. काकांनी उजव्या हाताने ग्लास उचलला, तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो डाव्या हातात घेतला, काही झालंच नाही असा. पप्पांनी ते बघितलं आणि चेनच्या कामात मान खाली घातली. मीही दुसरीकडे बघणार होते.

"काका, अजून दुखतं का?" मी विचारलं.

"दुखतं," ते म्हणाले. मग पप्पांकडे वळून, जरा मोठ्याने, त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.